थकव्याच्या आजाराला संशोधक कुठून मिळणार?

डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोनमहिने टिकणाऱ्या आजाराच्या संशोधनासाठी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ला, म्हणजे एनआयएच या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेला, ११५ कोटी डॉलर मंजूर केले. संसर्ग गेल्यावरही मागे राहणाऱ्या आजारांसाठी एवढी मोठी रक्कम तोवर ऐकिवात नव्हती. त्या पैशातून औषधोपचारांच्या चाचण्या सुरू होत असल्याची घोषणा व्हायला मात्र जुलै २०२३ उजाडला. मधली अडीच वर्षं रुग्ण वाट पाहत होते. त्यांनी सरकारी दिरंगाईला दोष दिला आणि तो बराचसा रास्तही आहे. पण मला दिसतं ते आणखी एक कारण असं, की पैसा आला तेव्हा हा आजार आतून-बाहेरून ठाऊक असलेली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागू शकतील अशी माणसंच पुरेशी नव्हती. निधी एका मतदानात मंजूर होतो. संशोधक तयार व्हायला पीएचडीपासून स्वतःची लॅब उभी राहीपर्यंत दहा-बारा वर्षं जातात, आणि ती दहा-बारा वर्षं या विषयात काढण्याची सोय आपण कुणाला करूनच दिलेली नाही.

विषय कोणता, हे आधी थोडं सांगायला हवं. एमई-सीएफएस (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम) हा आजार बऱ्याचदा एखाद्या साध्या वाटणाऱ्या संसर्गापासून सुरू होतो. ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, पण माणूस पूर्ववत होत नाही. झोपून उठलं तरी थकवा तसाच. उभं राहिलं की ठोके वाढतात, वाचलेलं डोक्यात टिकत नाही. आणि ज्या लक्षणावरून हा आजार इतरांपासून वेगळा ओळखता येतो ते असं: थोडेसे श्रम झाले, अंघोळ केली किंवा कुणाशी अर्धा तास बोलणं झालं, की काही तासांनी किंवा एखाद-दोन दिवसांनी तब्येत कोसळते आणि सावरायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. या कोसळण्याला रुग्ण आणि डॉक्टर ‘पीईएम’ (पोस्ट-एक्झर्शनल मलेझ) म्हणतात. लाँग कोविडच्या अनेक रुग्णांमध्येही हेच दिसतं.

हे काही कोविडमुळे नव्याने कळलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या परिसरात एपस्टाइन-बार विषाणू, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू अशा तीन अगदी वेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोक अजून आजारीच होते, आणि तिन्ही जंतूंच्या बाबतीत चित्र साधारण सारखंच होतं. कोण आजारी राहणार, हे मुख्यतः सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावर ठरत होतं. रुग्णाच्या आधीच्या मनःस्थितीवरून त्याचा अंदाज येत नव्हता. म्हणजे कोविडच्या चौदा वर्षं आधी कुणीही वाचू शकेल अशा नियतकालिकात लिहून ठेवलं होतं, की मोठ्या संसर्गाची लाट आली तर तिच्या मागे असे हजारो रुग्ण उरतील. त्या निष्कर्षाचा धागा धरून दुसऱ्या गावात, दुसऱ्या संसर्गावर तसेच अभ्यास उभे करणारे तरुण हात किती होते? फार थोडे.

ते थोडेच का राहिले, याचं उत्तर बऱ्याच मागे सापडतं. १९३४मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात, १९४८मध्ये आइसलंडच्या अकुरेरीत, १९५५मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशा आजाराच्या साथी आल्या. रॉयल फ्रीमध्ये जवळपास तीनशे कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय काही महिने बंद ठेवावं लागलं. तिथले संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ मेल्विन रॅम्से यांनी पुढे आयुष्यभर या रुग्णांची बाजू सोडली नाही. पण १९७०मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, एकाही रुग्णाला न तपासता, ती साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया होता असं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. आजारी पडलेल्यांत स्त्रिया अधिक होत्या, हाही त्यांच्या दृष्टीने एक पुरावाच होता.

त्या लेखाने रुग्णांचं काय केलं, हे पुष्कळदा सांगितलं गेलं आहे. त्याने विद्येच्या परंपरेचं काय केलं, याकडे कमी लक्ष जातं. ज्या आजाराला वरिष्ठ मंडळी आजारच मानत नाहीत, तो विषय कोणता हुशार विद्यार्थी पीएचडीसाठी घेईल? विद्यार्थी आला नाही की पंधरा वर्षांनी गाईड नसतो, आणि गाईड नाही म्हणून पुढचा विद्यार्थी येत नाही. वैद्यकाच्या बहुतेक शाखांमध्ये ज्ञान लेखांइतकंच माणसांमधून पुढे जातं. कोणत्या रुग्णाला चाचणीसाठी बोलवायचं नाही, रक्ताचा नमुना श्रमानंतर किती वेळाने घ्यायचा, रुग्ण ‘बरं आहे’ म्हणाला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, या गोष्टी शेजारी बसून शिकायच्या असतात. इथे ती साखळी दर पिढीला तुटत गेली, आणि प्रत्येक साथीनंतर नव्या माणसांनी शून्यापासून सुरुवात केली.

पैशाची कहाणीही अशीच आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने या आजारासाठी आलेल्या निधीतले लाखो डॉलर दुसऱ्याच कामांवर खर्च केल्याचं १९९९मध्ये सरकारी तपासणीत उघड झालं. २०१५मध्ये तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने देशात ८ लाख ३६ हजार ते २५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला आणि त्यांतल्या बहुतेकांचं निदानच झालेलं नाही, असं म्हटलं. त्यानंतरच्या वर्षांत एनआयएचचा या आजारावरचा वार्षिक खर्च दीड कोटी डॉलरच्या आगेमागे राहिला. आजाराने होणारं नुकसान आणि संशोधनावरचा खर्च यांची तुलना करणारा एक अभ्यास २०२०मध्ये आला. हा खर्च इतर आजारांच्या प्रमाणात आणायचा तर तो चौदा पट करावा लागेल, असा त्याचा हिशेब होता.

आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक तरुणी डोळ्यांसमोर आणा. रोगप्रतिकारशास्त्रात पीएचडी झालेली आहे आणि तिला याच आजारावर काम करायचं आहे. दोन-तीन वर्षांच्या करारावर पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करण्याची जागा मिळाली, तीही नशीब असेल तर. पुढे स्वतःचा प्रस्ताव मांडायचा तर प्राथमिक निष्कर्ष हातात हवेत. निष्कर्षांसाठी रुग्णांचे नमुने हवेत, आणि इथे तिचं घड्याळ आणि आजाराचं घड्याळ यांचा मेळ बसेनासा होतो. पीईएमचा अभ्यास करायचा म्हणजे रुग्णाला श्रम करायला लावायचे, मग तो कोसळल्यावर पुन्हा तपासायचा. यात रुग्णाची तब्येत खरोखर बिघडते, म्हणून एकेकाला नीट समजावून, त्याची संमती घेऊन, पुढचे कित्येक दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवून हे करावं लागतं. ठरलेल्या दिवशी रुग्णाला अंथरुणातून उठवत नाही, तारीख पुढे जाते. जे सर्वांत जास्त आजारी आहेत ते घराबाहेर पडूच शकत नाहीत, त्यांच्याकडे स्वतः जावं लागतं. तुलनेसाठी निरोगी माणसं घ्यायची तर तीही तितकीच कमी हालचाल करणारी शोधावी लागतात, नाहीतर नुसतं पडून राहिल्याचा परिणाम आजाराच्या नावावर मांडला जातो.

असं काम हळूच होतं, आणि ते हळू होणंच बरोबर आहे. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या २५ रुग्णांच्या आणि २१ निरोगी माणसांच्या स्नायूंचे नमुने श्रमाआधी आणि श्रमानंतर घेऊन तपासले. श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंमधली इजा आणि ऊर्जानिर्मितीतला बिघाड वाढलेला त्यांना दिसला. २०२४मध्ये आलेल्या या एका अभ्यासाने ‘सगळं मनाचे खेळ आहेत’ या म्हणण्याला जितकं ठोस उत्तर दिलं, तितकं शंभर चर्चासत्रांनी दिलं नसतं. एनआयएचने स्वतःच्या रुग्णालयात एमई-सीएफएसवर केलेला सखोल अभ्यास २०१६मध्ये सुरू झाला. त्यात अखेर १७ रुग्ण आणि २१ निरोगी माणसं होती, आणि निष्कर्ष फेब्रुवारी २०२४मध्ये छापून आले. म्हणजे आठ वर्षं, आणि त्यात कोविडने घातलेला खंडही धरलेला. मोठ्या संस्थेला आठ वर्षं परवडतात. तीन वर्षांच्या करारावरच्या पोस्टडॉकला ती परवडत नाहीत. तिच्या शेजारच्या टेबलावर उंदरांवर किंवा तयार पेशींवर काम करणारा सहकारी तेवढ्याच काळात चार पेपर काढतो. दोघं एकाच मुलाखतीला जातात, निवड समिती पेपर मोजते, आणि ती दुसऱ्या विषयाकडे वळते. तिच्या जाण्याची नोंद कुठे होत नाही. अशी किती गेली, हे कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही.

प्रस्ताव तपासणाऱ्यांचीही अडचण आहे. हा आजार मज्जासंस्थेचा, प्रतिकारशक्तीचा, रक्ताभिसरणाचा आणि स्नायूंचा असा सगळ्यांचा आहे, म्हणून विद्यापीठात कुठल्याच एका विभागाचा नाही. विभाग नाही म्हणून प्राध्यापकाची जागा नाही. प्रस्ताव ज्यांच्या हाती पडतो ते आपापल्या शास्त्रात पारंगत असतात, पण या रुग्णांना त्यांनी जवळून पाहिलेलं नसतं. श्रमानंतरच्या नमुन्याचा आग्रह त्यांना अनावश्यक खर्च वाटतो, १५-२० रुग्णांचा गट हास्यास्पद वाटतो. अमेरिकेत एनआयएचचा पहिला मोठा स्वतंत्र निधी मिळेपर्यंत संशोधकाने सरासरी चाळिशी ओलांडलेली असते. हे सर्वच विषयांत होतं. पण जिथे आधार द्यायला आधीची पिढीच नाही, तिथे ही वाट आणखी अवघड होते.

यावर एक आक्षेप वारंवार ऐकू येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. विज्ञानात विषयवार राखीव जागा ठेवू नयेत, जो प्रस्ताव उत्तम असेल त्याला पैसा मिळावा, आणि एकदा आजाराची नेमकी जैविक खूण सापडली की चांगले संशोधक आपोआप येतील, असं पुष्कळ जाणते लोक म्हणतात. तत्त्व म्हणून पहिला भाग मला मान्य आहे. पण उत्तम प्रस्ताव लिहायला आधी चार-पाच वर्षं त्या विषयात काढावी लागतात, आणि तेवढा काळ कुणी कुणाला देत नसेल तर ही स्पर्धा सुरू होण्याआधीच निकाली निघालेली असते. जैविक खूण सापडण्याबद्दलचं म्हणणं तर मला उलटं वाटतं. खूण शोधायला माणसं लागतात, आणि खूण सापडल्यावरच माणसं नेमू म्हणणं म्हणजे ती कधीच न सापडण्याची व्यवस्था करणं होय.

पोटातल्या अल्सरचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. अल्सर मानसिक ताणाने आणि आम्लाने होतो, हे विसाव्या शतकात जवळजवळ सिद्ध मानलं जात होतं. बॅरी मार्शल १९८१मध्ये पर्थच्या रुग्णालयात प्रशिक्षण घेणारे तिशीतले डॉक्टर होते. तिथले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन काही वर्षांपासून जठराच्या नमुन्यांत वाकडे जंतू पाहत होते. दोघांनी मिळून ते जंतू हेच कारण असल्याचं दाखवलं, त्याला बराच विरोध झाला, आणि २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मार्शल यांच्या धाडसाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात वॉरन अधिक महत्त्वाचे वाटतात. जुन्या मताशी काही देणंघेणं नसलेला तरुण आणि त्याला सूक्ष्मदर्शकाशेजारी जागा करून देणारा अनुभवी माणूस, अशी ती जोडी होती. तरुणाला नुसतं ‘ये’ म्हणून भागत नाही, बसायला जागा लागते.

दुसरा आक्षेप असा, की या क्षेत्रात आधीच फजिती होऊन गेली आहे. २००९मध्ये एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा या आजाराशी संबंध असल्याचा लेख ‘सायन्स’मध्ये आला आणि २०११मध्ये तो मागे घ्यावा लागला. २०१२मध्ये विषाणूतज्ज्ञ इयान लिपकिन यांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांत मिळून झालेल्या तपासणीत रुग्ण आणि निरोगी यांत काहीच फरक आढळला नाही, आणि मूळ संशोधकांपैकी काही जण त्या तपासणीत सहभागी होते. बाहेरच्यांनी यातून धडा घेतला तो असा, की या विषयापासून लांब राहावं. मला मात्र यात दुसरं काही दिसतं. चुकीचा दावा खोडून काढणं हेही काबील हातांचंच काम असतं, आणि ज्या क्षेत्रात असे हात भरपूर असतात तिथे चूक तीन वर्षं रेंगाळत नाही. म्हणूनच ‘काही सापडलं नाही’ असा प्रामाणिक निष्कर्ष घेऊन येणाऱ्या तरुणाची किंमत निवड समितीने कमी करता कामा नये. या आजारात न सापडलेल्या गोष्टी नीट नोंदवल्या न गेल्यामुळे तेच तेच प्रयोग पुन्हा होत राहतात, आणि त्या प्रत्येक प्रयोगासाठी कुणीतरी आजारी माणूस अंथरुणातून उठून आलेला असतो.

मग करायचं काय? माझ्या दृष्टीने सर्वांत आधी वेळ द्यायचा. पहिल्या स्वतंत्र जागेसाठी पाच ते सात वर्षांची सलग फेलोशिप असावी, मध्यावर कामाचा आढावा घेतला जावा, पण त्यात पेपरांची संख्या मोजू नये. नेदरलँड्सने या आजारासाठी आखलेला कार्यक्रम दहा वर्षांचा आहे आणि त्याची रक्कम २.८५ कोटी युरो आहे. मोठ्या देशांच्या आकड्यांपुढे ती किरकोळ वाटेल, पण दहा वर्षं हा शब्द त्यात लिहिलेला आहे, आणि माझ्या लेखी तोच मोलाचा. पीएचडीला बसलेल्या मुलीला दिसतं, की आपण पोस्टडॉक होऊ तेव्हाही हे दार उघडं असेल.

दोन गाईड असावेत. एक ज्याची तांत्रिक विद्या पक्की आहे, मग तो स्नायूंचा तज्ज्ञ असो वा जनुकांचा, आणि दुसरा ज्याने हे रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले आहेत. जतन केलेले नमुने नवख्या संशोधकाला फुकट किंवा नाममात्र दरात मिळावेत. ब्रिटनमध्ये एमई-सीएफएसची बायोबँक, म्हणजे असे नमुने साठवणारी संस्था, २०११पासून उभी आहे. रक्त, त्याबरोबर रुग्णाची नीट नोंदलेली माहिती, आणि तीव्र आजारी रुग्णांचेही नमुने, हे एकट्या तरुणाने जमवायचं म्हटलं तर त्याचा पहिला करार त्यातच संपेल. नमुने सांभाळून ठेवण्याचं काम कंटाळवाणं वाटतं, पण एपस्टाइन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार यांचा संबंध २०२२मध्ये ठामपणे दाखवता आला तो याच कामामुळे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांची माहिती आणि वीस वर्षांत साठवलेले रक्ताचे नमुने हाताशी होते, म्हणून संसर्गानंतर धोका ३२ पट वाढतो हे कळू शकलं.

आणि एक गोष्ट मी जास्त आग्रहाने मांडेन. या विषयाकडे येणाऱ्या तरुणांमध्ये अनेक जण स्वतः आजारी आहेत किंवा त्यांच्या घरात कुणी आजारी आहे. त्यांना फक्त सहानुभूतीचा विषय मानण्याची सवय संस्थांनी सोडायला हवी. ‘लाँग कोविड’ हे नाव रुग्णांनी दिलं. आजाराची लक्षणं किती आणि किती काळ टिकतात, याच्या पहिल्या सविस्तर पाहण्यांपैकी काही रुग्ण-संशोधकांच्या गटाने केल्या. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर झालेल्या ‘पेस’ चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला सर्वत्र पसरला. त्या चाचणीची मूळ आकडेवारी खुली झाली ती ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या अधिकारात अर्ज करून चिकाटी धरल्यामुळे. ती पुन्हा तपासली तेव्हा बरे होण्याचे दावे टिकले नाहीत. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून तो व्यायामाचा उपचार काढून टाकला. इतकं काम अंथरुणात पडून होऊ शकत असेल, तर फेलोशिपच्या नियमांत अर्धवेळ काम, घरून काम आणि तब्येत कोसळली की मुदत आपोआप वाढणं या तीन तरतुदी बसवायला कुणाची हरकत असावी? आज बहुतेक ठिकाणी आजारपणाची रजा घेतली की कराराचे दिवस वाया जातात. थकव्यावर संशोधन करणाऱ्यालाच थकवा आला म्हणून बाहेर काढणारे नियम आपण चालू ठेवले आहेत, आणि याची मला मनापासून लाज वाटते.

यात रुग्णांच्या संघटनांनी आपल्या परीने खूप केलं आहे. रॅम्से यांच्याच नावाने एक संघटना छोटी बीज-अनुदानं देते, ज्यातून नवख्या संशोधकाला पहिले निष्कर्ष मिळवता येतात आणि मग मोठ्या निधीसाठी अर्ज करता येतो. हे अनुदान उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ज्यांची नोकरी गेली, ज्यांना औषधाचा खर्च झेपत नाही, त्यांनी वर्गणी काढून विज्ञानाची पुढची पिढी घडवायची आणि राज्यसंस्थांनी शेवटच्या टप्प्यावर यायचं, ही वाटणी न्याय्य नाही. एनआयएचने २०१९च्या एप्रिलमध्ये या आजारावर दोन दिवसांची परिषद घेतली तेव्हा तरुण संशोधकांसाठी वेगळी बैठकही ठेवली होती. ते योग्यच होतं. मात्र बैठकीनंतर घरी गेलेल्या तरुणासमोर जागांची जाहिरात नसेल, तर त्याला बोलावण्यात एक प्रकारचा क्रूरपणा आहे. त्याने आपली उमेदीची वर्षं पणाला लावायची आणि संस्थेने काहीच पणाला लावायचं नाही, हे बरोबर नव्हे.

आजची वेळ म्हणूनच नाजूक आहे. कोविडनंतर अनेक विद्यार्थ्यांनी या विषयात पीएचडी सुरू केली. एडिनबराहून चाललेल्या ‘डिकोडएमई’ अभ्यासाने ऑगस्ट २०२५मध्ये १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय माहितीवरून आठ जागा दाखवल्या, जिथे रुग्ण आणि निरोगी यांच्यात फरक दिसतो. हा लेख प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच, आला. त्या आठ जागांतला प्रत्येक धागा पुढे नेण्यासाठी एकेका लॅबची, काही वर्षांची मेहनत लागणार आहे. म्हणजे तरुण आहेत आणि त्यांच्यासाठी कामही आहे. नेमक्या याच काळात साथीची आठवण पुसट होते आहे आणि निधीचा ओघ आटतो आहे. आज पीएचडी संपवणारी मुलं पुढच्या दोन-तीन वर्षांत पोस्टडॉकच्या शोधात निघतील, आणि तेव्हा जागा नसतील तर ती कर्करोगाकडे, मधुमेहाकडे जातील. तिथेही ती चांगलंच काम करतील. त्यांना कुणी दोष देणार नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आणि मोजता येईल अशी आहे. संसर्गोत्तर आजारांसाठी यापुढे जो कोणता निधी जाहीर होईल, त्याच्या जाहिरातीत एकूण रकमेखाली आणखी दोन आकडे छापलेले असावेत: पहिल्यांदाच स्वतःचं संशोधन चालवणाऱ्यांसाठी त्यात किती जागा आहेत, आणि प्रत्येक जागा किती वर्षांची आहे.